लेझर कटिंगसाठी ड्रॉइंग पाठवण्यापूर्वी

लेझर मशीन ड्रॉइंगवर लिहिलेली मापे वाचत नाही. फाइलमध्ये जशी रेषा असेल तशी ती कापते. कागदावरचे ड्रॉइंग हाती आल्यावर अनुभवी कारागीर जी चूक ओळखून सावरून घेतो, ती येथे थेट पत्र्यात उतरते. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी ग्राहकांनी पुढील बाबी तपासाव्यात, अशी आमची विनंती आहे.

फाइल डीएक्सएफ (संगणकावरील ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीसाठी वापरले जाणारे फाइल स्वरूप) स्वरूपात आणि १:१ प्रमाणात द्यावी. मापे व टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्त फरक) पडताळण्यासाठी सोबत पीडीएफ जोडावी. डीएक्सएफमधून एककाची माहिती दर वेळी बिनचूक पोहोचेलच असे नाही, आणि इंचात काढलेला पार्ट मिलिमीटर समजून उघडला गेला, तर तो २५.४ पट लहान होतो. त्यामुळे एक्स्पोर्ट केलेली फाइल पुन्हा उघडून पार्टची एकूण लांबी मोजून पाहावी. एवढ्या एका तपासणीने बरेच नुकसान टळते.

कापायच्या रेषांखेरीज फाइलमध्ये काहीही ठेवू नये. मापरेषा, मध्यरेषा, चौकट आणि टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या माहितीचा तक्ता) काढून टाकावेत. बाह्यरेषा आणि प्रत्येक छिद्र पूर्ण बंद असावे. दोन टोकांमध्ये ०.०५ मिमी फट राहिली, तरी ती स्क्रीनवर दिसत नाही, पण कटिंगचा मार्ग आखताना आकार उघडा मानला जाऊ शकतो. याहून फसवी चूक म्हणजे एकावर एक पडलेल्या दोन रेषा. दिसायला ती एकच रेषा असते, मशीन मात्र तीच जागा दोनदा कापते, त्यामुळे कड खराब होते आणि सुटलेला पार्ट हलण्याचा धोकाही असतो. ऑटोकॅडमध्ये ‘ओव्हरकिल’ कमांडने अशा रेषा काढता येतात.

लेझरच्या झोतामुळे जळून जाणाऱ्या रुंदीची, म्हणजे कर्फची, भरपाई आम्ही मशीनवर देतो. कृपया आपण त्यासाठी माप कमी-जास्त करू नये, अन्यथा ती दोनदा धरली जाते. छिद्राचा व्यास शक्यतो पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नसावा. आटे पाडायचे असतील, तर ड्रिलचा व्यास काढावा; उदाहरणार्थ, नेहमीच्या एम६ आट्यांसाठी ५ मिमी.

बेंडिंग असलेल्या पार्टचा फ्लॅट पॅटर्न, म्हणजे वाकवण्यापूर्वीचा सपाट आकार, द्यावा आणि बेंडच्या रेषा वेगळ्या लेअरवर ठेवाव्यात, नाहीतर पत्रा त्या रेषेवरच कापला जाईल. अक्षरे फॉन्टच्या रूपात न ठेवता रेषांमध्ये रूपांतरित करावीत. अक्षरे आरपार कापायची असल्यास ‘व’ किंवा ‘ब’मधील बंद भाग गळून पडतो, तो टिकवायचा असेल, तर त्याला जोडणारी बारीक पट्टी ड्रॉइंगमध्येच ठेवावी.

धातूचा प्रकार, ग्रेड, जाडी आणि नगसंख्या ऑर्डरसोबत लेखी कळवावी. ब्रश फिनिश किंवा फिल्म असलेल्या पत्र्यासाठी दर्शनी बाजू कोणती आणि फिनिशच्या रेषा कोणत्या दिशेने हव्यात, हेही नमूद करावे, कारण एका शीटवर पार्ट बसवताना ते फिरवायचे की नाहीत, हे त्यावरून ठरते.