बीपी वाढवणारी गाठ काढली, मग बीपी इतकं खाली का गेलं?

हाय बीपीच्या पेशंटला डॉक्टरच मीठ जास्त खा म्हणाले तर घरचे गोंधळणारच. जोडभावी पेठेतल्या ओळखीच्या एका काकूंचं तेच झालं. ऑपरेशनच्या आधी गोळ्या चालू करून वर शेंगाचटणी, लोणचं, भरपूर पाणी, आणि ऑपरेशन झाल्यावर बीपी एकदम खाली, आयसीयूत सलाईन. बाहेर लगेच चर्चा, डॉक्टरांनी घोळ घातला नाहीतर नजर लागली. दोन्ही नाही हो, यामागं शरीराचं गणित आहे.

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते, वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. काकूंना तिथं फिओक्रोमोसायटोमा होता, म्हणजे ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिन हे बीपी वाढवणारे हार्मोन बेसुमार सोडणारी गाठ. त्यानं रक्तवाहिन्या महिनोन्‌महिने आवळलेल्या राहतात, वाढलेल्या प्रेशरनं किडनी मीठ-पाणी बाहेर टाकत राहते, म्हणजे बीपी २०० असलं तरी आत रक्ताचं प्रमाण कमीच. आणि खरी गंमत पुढं आहे. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर हा हार्मोन ओळखणारे रिसेप्टर असतात, सतत मारा झाला की पेशी ते आत ओढून घेतात, संख्या कमी करतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही ना, तसंच.

आता सर्जन गाठीची मुख्य शीर क्लिप लावून बंद करतो. रक्तातलं ॲड्रिनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, आत रक्त कमी, उरलेल्या नॉर्मल हार्मोनचं रिसेप्टर नीट ऐकत नाहीत, शिवाय ऑपरेशनआधी दिलेल्या अल्फा ब्लॉकर, म्हणजे वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्यांचा असर बाकी असतोच. बीपी पडणारच! म्हणूनच आधी एक-दोन आठवडे गोळ्या देऊन वाहिन्या सैल करतात आणि मीठ-पाण्यानं ती जागा भरतात. एवढं करूनही पडलं तर सलाईन, आणि लागलं तर नॉरॲड्रिनॅलिनच थेंबाथेंबानं देतात. कारण माहीत नसेल त्याला हे उलटंच वाटेल, ज्याची गाठ काढली तेच परत देतायत! शुगरही पडू शकते, म्हणून तीही सारखी तपासतात.

पण हे मीठ घरी आपल्या मनानं सुरू करायचं नाही, गोळ्यांच्या आधी तर नाहीच. आणि नेटवर 'ॲड्रिनल थकवा' घालवणाऱ्या पावडरी विकतात ना, तसला आजार वैद्यकशास्त्रात नाहीच, पैसे घालवू नका.

गाठ कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनलचंच स्टेरॉईड हार्मोन बनवणारी असेल तर मामला वेगळा. तिच्यामुळं दुसरी ग्रंथी झोपी गेलेली असते आणि जागी व्हायला कित्येक महिने लागतात, तोवर गाठ काढल्यावर हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे तेच स्टेरॉईड बाहेरून देणाऱ्या गोळीवरच बीपी टिकून असतं. स्टेरॉईड वाईट म्हणून ती गोळी कुणी मधेच बंद केली आणि उलट्या, चक्कर, बीपी लो सुरू झालं, तर लिंबूसरबत पाजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.