पेशंट उचलणाऱ्याच्या कंबरेचं गणित

आई ऑपरेशननंतर नऊ दिवस ॲडमिट होती. पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली असली की पेशंट हळूहळू पायथ्याकडे घसरतो आणि त्याला परत उशीपर्यंत वर घ्यावं लागतं, दिवसातून कितीतरी वेळा. दुसऱ्या रात्री सिस्टरनी आईच्या काखेत हात घातला, मावशींनी पाय धरले, एक-दोन-तीन झालं आणि सिस्टर तशाच वाकलेल्या थांबल्या. कंबरेत कळ आली होती. दोन मिनिटं भिंतीला टेकल्या आणि पुढच्या बेडकडे गेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझंच चुकलं, नीट वाकले नाही."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कारण भौतिकशास्त्र वेगळं सांगतं. चूक त्यांच्या वाकण्यात नव्हती, ते वजन तसं उचलायला लावण्यातच होती.

शाळेत तरफ शिकलोय आपण सगळे. टेकूपासून भार जितका लांब तितका तो जड पडतो. आपल्या कंबरेचा टेकू म्हणजे सगळ्यात खालच्या मणक्याखालची गादी (डिस्क), आणि पुढच्या बाजूचा भार तोलून धरायचं काम मागचे पाठीचे स्नायू करतात. पण हे स्नायू टेकूपासून जेमतेम ५-६ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे सी-सॉवर एका बाजूला टोकाला मूल बसलंय आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही टेकूला चिकटून बसलाय असं समजा, तुम्हाला किती जोर लावावा लागेल?

आता आकडे घालू. ६० किलोच्या माणसाचं कंबरेवरचं शरीर साधारण ३० किलो धरा, वाकल्यावर त्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून २५ सेंटिमीटर पुढे जातो. हातात पेशंटचं २० किलो वजन आलं, तेही ५० सेंटिमीटर लांब, कारण मधे पलंगाची कड आहे. ३० गुणिले २५ म्हणजे ७५०, २० गुणिले ५० म्हणजे १,०००, बेरीज १,७५०. मागे स्नायूला ५ सेंटिमीटरच मिळतात, म्हणजे त्याला ३५० किलोचा ओढा द्यावा लागतो आणि तो सगळा दाब गादीवर येतो, शिवाय शरीराचं आणि पेशंटचं वजन आहेच. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं कंबरेच्या गादीवरच्या दाबाची मर्यादा ३,४०० न्यूटन धरलीये, म्हणजे साधारण ३५० किलो. आपला हिशोब नुसत्या स्नायूच्या ओढ्यानंच तिथे पोचला! आणि हातात फक्त २० किलो होते, आख्खा पेशंट नव्हता.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर मोजलेलंही सांगतो. १९९९ मध्ये जर्मनीत एका निरोगी स्वयंसेवकाच्या चौथ्या आणि पाचव्या कंबर-मणक्यांमधल्या गादीत चक्क सेन्सर बसवून २४ तास दाब नोंदवला गेला. पालथं झोपल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, आणि पाठीत वाकून २० किलो उचलल्यावर २.३. हा गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या साधारण दहापट झाला. गुडघे वाकवून तेच वजन उचललं तर १.७, आणि वजन अगदी अंगाशी धरलं तर १.१. माणूस एकच होता त्यामुळे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लागू नाहीत, पण कल बघा. गुडघे वाकवल्यानं फरक पडतो, पण सगळ्यात मोठा फायदा वजन अंगाशी घेतल्यानं होतो. आणि पेशंट अंगाशी घेताच येत नाही. तो पलंगावर असतो, त्याला सलाईन लावलेलं असतं, टाके असतात, तो दुखलं की अचानक हात झटकतो, मधेच घाबरून गळ्यात पडतो. पुठ्ठ्याचा खोका असं काही करत नाही, आणि गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा हे सगळं शिक्षण खोक्यांसाठीचं आहे.

आता गादीचं थोडं सांगतो, कारण मला हा भाग फार आवडतो. आत जेलीसारखा गाभा, भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तंतूंची वलयं, आणि प्रत्येक वलयातले तंतू शेजारच्या वलयाच्या उलट दिशेनं तिरके. नुसता सरळ दाब आला तर ही रचना उत्तम पेलते. पण दाबासोबत पीळ आला, म्हणजे वाकून वर कुशीला वळायचं, तर एका दिशेचे तंतू ताणले जातात आणि दुसऱ्या दिशेचे ढिले पडतात, म्हणजे निम्म्या माणसांच्या जिवावर रस्सीखेच. पेशंटला पलंगावर वळवताना नेमकं हेच होतं. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, अन्न-ऑक्सिजन वरच्या-खालच्या मणक्यांच्या पातळ चकतीतून झिरपत येतं, त्यामुळे बारीक चीर भरून यायला खूप वेळ लागतो. आतल्या भागात वेदनेच्या नसाही नसतात, म्हणून पहिल्या शंभर चिरा कळतच नाहीत. मग एक दिवस कोणीतरी पडलेलं पेन उचलायला वाकतं आणि 'गादी सरकली' म्हणतं. पेनानं काही केलेलं नसतं, पण अपघाताच्या रजिस्टरमध्ये कारण म्हणून पेनच जातं, त्याआधीची पाच वर्षं जात नाहीत.

नायॉशच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अगदी आदर्श असेल तर मर्यादा २३ किलो आहे, आणि वजन २५ सेंटिमीटरऐवजी ५० वर गेलं की ती थेट अर्धी होते. पेशंटसाठी २००७ मध्ये त्याच संस्थेच्या थॉमस वॉटर्स यांनी हिशोब मांडला तो ३५ पौंडांचा, म्हणजे जवळपास १६ किलो, तेही पेशंट सहकार्य करणारा असेल तर. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के असतो. म्हणजे १०० किलोच्या पेशंटचा नुसता एक पाय ड्रेसिंगसाठी वर धरला की मर्यादा संपली.

म्हणून जबाबदारीचा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये १९९२ पासून हाताने वजन हाताळण्याचे नियम आहेत, त्यांचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. धोक्याचं उचलणं शक्य तिथे टाळा, टाळता येत नसेल तर धोका आधी तपासा, मग तो कमी करा. प्रशिक्षण हा त्या कमी करण्याचा एक भाग, पहिली पायरी नव्हे. यात मालकाचं काम म्हणजे साधनं देणं, पुरेशी माणसं देणं आणि साधनं धडधाकट ठेवणं (माणसं उचलणाऱ्या यंत्राची, म्हणजे होइस्टची तिथे किमान दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी लागते). कर्मचाऱ्याचं काम म्हणजे दिलेलं साधन वापरणं, होइस्टला अडकवायच्या झोळीची, म्हणजे स्लिंगची शिवण उसवली असेल तर तसंच न वापरता सांगणं, आणि कळ आली तर ती लगेच नोंदवणं. दोन्ही बाजूंची कामं आहेत पण वजन सारखं नाही, कारण होइस्ट विकत घ्यायचा अधिकार सिस्टरकडे नसतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हे कामगारांच्या मूलभूत हक्कांमध्ये घातलं, ते बालमजुरी आणि वेठबिगारीविरोधातल्या हक्कांच्या रांगेत आहे आता.

नुसतं 'कसं वाकायचं' शिकवून पाठदुखी कमी होते का, यावरचे प्रयोग एकत्र तपासले गेलेत आणि तसा पुरावा सापडलेला नाही. तरी एक दिवसाची ट्रेनिंग, सह्या, फोटो, झालं काम, असं सर्रास चालतं. कंबरेच्या पट्ट्यांचंही तेच. २००० साली अमेरिकेत सामान हाताळणाऱ्या ९,००० हून जास्त कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, पट्टा लावणाऱ्यांच्या दुखापती कमी नव्हत्या. चुंबकाचे पट्टे तर त्याहून पुढचे, गादीवरचा दाब एका न्यूटननंही कमी करायचं कारण चुंबकाकडे नाही. असले पट्टे कृपा करून कोणाला भेट देऊ नका.

काम करतं ते साधं भौतिकशास्त्र. स्लाइड शीट म्हणजे गुळगुळीत नायलॉनचं दुपदरी कापड, ते पेशंटखाली सरकवलं की दोन थर एकमेकांवर घसरतात, घर्षण खूप कमी होतं आणि उचलण्याचं काम सरकवण्याचं होतं. पाचव्या दिवशी आईच्या वॉर्डात दुसऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी आधी चाकांचे ब्रेक पायानं दाबून बघितले, मग पलंगाची डोक्याकडची बाजू खाली घेऊन तो सपाट केला, तो स्वतःच्या कंबरेपर्यंत वर घेतला, शीट आईच्या खाली गुंडाळी उलगडत सरकवलं, मावशी पलीकडे उभ्या राहिल्या, आणि दोघींनी वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाकत ओढलं. काखेत कोणी हात घातला नाही, त्यानं पेशंटचा खांदाही दुखावतो. आई म्हणाली, "अगं, सरकले पण?"

घरी येऊन सेवा करणाऱ्या मदतनीसांचं काय, हा प्रश्न मला जास्त सतावतो. तिथे पलंग गुडघ्याएवढा आणि बऱ्याचदा भिंतीला लागलेला, एकच बाजू मोकळी, जोडीला माणूस नाही, आणि ते कोणाचं तरी घर असल्यामुळे ही कामाची जागा आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. आई घरी आल्यावर आम्ही पलंग भिंतीपासून हात-दीड हात पुढे घेतला, पायांखाली पक्के ठोकळे देऊन तो उंच केला आणि स्लाइड शीट घेतलं. आठवड्यानं मदतनीस ताई म्हणाल्या की आधीच्या घरी रोज संध्याकाळी कंबर शेकायच्या. तिथे एकदाही कोणी पलंगाच्या उंचीबद्दल विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही ते कधी सांगितलं नव्हतं.