प्रोब ३३ दाखवतोय, पण टँकमधलं मीठ खरंच कमी झालंय का?

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये बुडवलेल्या प्रोबवरून कंट्रोलर स्क्रीनवर खारेपणा दाखवतो. काल तिथे ३५ पीपीटी (वजनाच्या हजार भागांत ३५ भाग क्षार) होतं आणि आज सकाळी ३३ दिसतंय, म्हणून लगेच मिठाचं पाकीट उघडू नका. मीठ हवेत उडून जात नाही. बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, त्यामुळे टँक आपणहून बदललाच तर जास्त खारट होतो. २०० लिटरचा टँक ३५ वरून ३३ वर यायला सुमारे १२ लिटर गोडं पाणी आत पडावं लागतं. ऑटो टॉप-अपचा (आटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा) फ्लोट अडकला, किंवा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं उपकरण) रात्रभर कपाबाहेर वाहत राहिला आणि त्याची भरपाई गोड्या पाण्याने झाली, तर असं होऊ शकतं. पण सम्पची (टँकला जोडलेल्या, उपकरणं ठेवायच्या टाकीची) पातळी जागेवर असेल, स्किमरचा कप भरलेला नसेल आणि टॉप-अपच्या डब्यातलं पाणी रोजच्याइतकंच उतरलं असेल, तर शंका प्रोबवर घ्यायची.

प्रोब मीठ मोजत नाही. दोन इलेक्ट्रोडमधल्या पाण्यातून वीज किती सहज जाते, म्हणजे विद्युतवाहकता, तो मोजतो आणि कंट्रोलर त्यावरून खारेपणा काढतो. २५ अंश सेल्सिअसला ३५ पीपीटीच्या पाण्याची वाहकता ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. तेच पाणी १५ अंशांवर आणलं की जेमतेम ४३ भरते. टँकच्या तापमानाच्या आसपास एका अंशामागे साधारण २ टक्के फरक पडतो.

म्हणूनच नाशिकच्या थंडीत कॅलिब्रेशन, म्हणजे प्रोब ठरावीक वाहकतेच्या द्रवात बुडवून त्याचा आकडा जुळवणं, हमखास बिघडतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली सहज जातो. कपाटातली कॅलिब्रेशनची बाटली गार असते आणि टँक मात्र हीटरमुळे २५-२६ वर. समजा द्रव २२ अंशांवर आहे, तापमानाची भरपाई होत नाहीये आणि तुम्ही कंट्रोलरला ‘हे ५३’ असं सांगितलं. मग टँकमधलं ३५ चं पाणी तो ३७ च्या आसपास दाखवणार. बंद बाटली किंवा न फोडलेलं सॅशे अर्धा तास सम्पमध्ये तरंगत ठेवलं की ही भानगड मिटते. कंट्रोलरचा तापमानाचा प्रोब वेगळा असेल, तर तोही त्याच द्रवात बुडवा. तो टँकमध्येच राहिला, तर कंट्रोलर एका पाण्याची वाहकता दुसऱ्या पाण्याच्या तापमानाशी जोडत बसतो. तापमानाची भरपाई चालू असेल तर २५ अंशांचा आकडा द्यायचा, बंद असेल तर लेबलवरच्या तक्त्यातला त्या वेळच्या तापमानाचा.

प्रोब आरओ पाण्याने धुऊन झटका आणि टिपून घ्या. थोड्या कॅलिब्रेशन द्रवाने एकदा विसळा, ते टाकून द्या आणि मग ताज्या द्रवात बुडवा. विसळलं नाही, तर इलेक्ट्रोडच्या खाचेत राहिलेलं आरओचं पाणी द्रव पातळ करतं. बुडवल्यावर प्रोब भांड्याच्या तळावर दोन-तीनदा हलकेच आपटा, खाचेतला हवेचा बुडबुडा सुटून वर आला पाहिजे. प्रोब भिंतीला टेकू देऊ नका. आकडा हलायचा थांबला की मगच नोंदवा. वापरलेला द्रव बाटलीत परत ओतायचा नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघडं सॅशे झपाट्याने आटतं. त्या दाट झालेल्या द्रवावर लावलेला प्रोब पुढे टँक कमी खारट दाखवतो.

टँकमध्ये बसवलेल्या प्रोबचे बहुतेक दोष आकडा खालीच ओढतात. खाचेत अडकलेला बुडबुडा विजेची वाट अडवतो. इलेक्ट्रोडवर चढलेला चुना आणि शेवाळही तेच करतात, आणि काचेला फार खेटून बसवलेला प्रोबही कमीच दाखवतो. या आकड्यावर भरवसा ठेवून जो मीठ वाढवत जातो, त्याचा टँक पाहता पाहता ३७-३८ वर पोहोचतो. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती प्रवाळं आक्रसू लागतात आणि स्क्रीनवर मात्र ३५ च असतं.

म्हणून जागा नीट निवडा. स्किमरचे बुडबुडे जिथे येतात तो कप्पा नको. रिटर्न पंपाच्या कप्प्यातली पातळी दिवसभर खालीवर होते, तीही नको. उजेड कमी, प्रवाह संथ आणि पातळी कायम असेल अशा ठिकाणी खाच पूर्ण बुडेल असा आणि थोडा तिरका बसवा, म्हणजे हवा अडकत नाही. महिन्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून त्यात वीसेक मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने हलक्या हाताने पुसा, आरओने धुवा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा. इलेक्ट्रोड खरवडू नका.

आकडा सरकण्याऐवजी नाचत असेल, तर पाण्यात कुठून तरी वीज झिरपत असण्याची शक्यता मोठी. हीटर, पंप, वेव्हमेकर एकेक करून बंद करा. ज्याचा प्लग काढल्यावर आकडा शांत होतो, त्याचं इन्सुलेशन गेलं समजा आणि ते उपकरण बदला. टँकच्या लाइनला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. हा प्रश्न प्रोबपुरता नाही, तुमचा हातही त्याच पाण्यात जातो.

दुसरं मत घ्यायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) ठेवा. तो आरओच्या शून्यावर लावून थांबू नका, ३५ च्या द्रवावर लावा. हा द्रव घरी करता येतो: आयोडीन नसलेलं शुद्ध मीठ ३६.५ ग्रॅम आणि आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं) पाणी ९६३.५ ग्रॅम, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलून. मात्र हाच द्रव प्रोबला चालत नाही. साध्या मिठाचं द्रावण प्रकाश जितका वाकवतं त्या हिशेबाने वीज वाहून नेत नाही. ५३ मिलिसीमेन्ससाठी ३२.९ ग्रॅम मीठ आणि ९६७.१ ग्रॅम पाणी लागतं. बाटल्यांवर ठळक लिहून ठेवा, अदलाबदल झाली की दोन्ही उपकरणं बिघडतील. आणि बऱ्याच रिफ्रॅक्टोमीटरची तापमान-भरपाई ३० अंशांपर्यंतच असते. मे महिन्यात दुपारी खोली ३६ वर असताना वाचन घेऊ नका, सकाळी घ्या.

दोन्ही उपकरणांनी खरंच ३३ दाखवलं, तर २०० लिटरमध्ये ४०० ग्रॅम क्षार कमी आहेत. मीठ थेट टँकमध्ये ओतू नका. बाष्पीभवनाची भरपाई गोड्या पाण्याऐवजी ३५ पीपीटीच्या पाण्याने करा. अशा प्रत्येक लिटरमागे खारेपणा ०.१७५ ने चढतो. रोज ४ लिटर आटत असेल तर तीन दिवसांत टँक ३५ वर येतो, आणि वेग दिवसाला १ पीपीटीच्या आत राहतो.