लेथ ९५ टक्के भरलं की माल अडतो

मुंबईतल्या साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात पितळी फिटिंगचे सुटे भाग बनतात असं धरू. माल लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर चढतो, मग ड्रिलिंग, बफिंग आणि टेम्पोनं बाहेर प्लेटिंगला, म्हणजे मुलामा द्यायला. लेथ रिकामं दिसलं की मालकाचा जीव खालीवर होतो. पण डिस्पॅच लांबण्याचं मूळ पुष्कळदा लेथ नको तितकं भरण्यात असतं.

शिफ्ट ४८० मिनिटांची, मागणी रोज १२० नगांची. नगाला ३ मिनिटं, आणि प्रत्येक लॉटच्या, म्हणजे एका खेपेत काढलेल्या नगांच्या, आधी मशीन जुळवायला (सेटिंगला) ४०. १०० नगांच्या लॉटमध्ये नगामागे ३.४ मिनिटं पडतात आणि लेथ ८५ टक्के गुंततं. ५० च्या लॉटमध्ये ३.८ मिनिटं, म्हणजे ९५ टक्के. रांगांच्या गणितातलं सर्वांत साधं सूत्र सांगतं, की ८५ टक्क्यांवर लॉट स्वतःच्या कामाच्या वेळेच्या साडेपाच पटींहून जास्त थांबतो, ९५ टक्क्यांवर १९ पट. लॉट निम्मा केला, त्याचं स्वतःचं काम ३४० वरून १९० मिनिटांवर आलं, तरी थांबणं जवळजवळ दुप्पट झालं! आता पुढच्या लॉटची टूल्स आधीच मांडून सेटिंग २० मिनिटांवर आणा. तोच ५० चा लॉट ८५ टक्क्यांत बसतो. नवीन मशीन घेण्याआधी हे करून पाहायलाच हवं.

वहीतला हिशेब इथवरच पुरतो. ड्रिलिंगवाल्याचा खाडा, २०० नग साठल्याशिवाय हात न लावणारा प्लेटिंगवाला, जुलैत लोकल बंद पडून उशिरा भरलेली शिफ्ट, हे सगळं एकत्र आलं की सिम्युलेशन लागतं. त्यात प्रत्येक लॉट आभासी गाळ्यातून, म्हणजे मॉडेलमधून, एकेक टप्पा पुढे सरकतो. ते इंटरनेटवरून केलं तर गणित दूरच्या सर्व्हरवर चालतं, त्यामुळे साधा लॅपटॉप आणि ब्राउझर पुरतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर सिम्युलेशनसाठीची सिमपाय ही मोफत लायब्ररी गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच, चालते. गिऱ्हाइकांची नावं आणि ड्रॉइंग मात्र सर्व्हरवर चढवू नका, नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा.

खरी मेहनत मोजण्यात आहे. लेथला दोरीनं वही बांधा आणि लॉटच्या चार वेळा लिहा: आला कधी, सेटिंग सुरू कधी, पहिला पास नग कधी, शेवटचा कधी. निदान ३० लॉट तरी. सुपरवायझरला विचाराल तर तो चांगल्या दिवसाचा आकडा सांगेल. नुसती सरासरीही भरू नका. सगळे लॉट सारखेच वागले तर मॉडेलमध्ये रांगच लागत नाही.

मॉडेल रिकाम्या गाळ्यापासून सुरू होतं, म्हणून माल नेहमीइतका साठेपर्यंतचे सुरुवातीचे दिवस हिशेबातून वगळा. मॉडेलच्या एका फेरीवर विसंबू नका, २०-३० फेऱ्या चालवा.

शेवटी जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम लावा: अर्धवट पडलेले नग भागिले रोज निघणारे नग, म्हणजे एका नगाला लागणारे दिवस. ६०० नग पडलेत, रोज १२० निघतात, तर ५ दिवस. मॉडेल २ च दिवस दाखवत असेल, तर प्लेटिंगला माल पाठवल्याच्या पावत्या (चलनं) काढा. तिकडे पडून असलेला माल बहुधा धरलेलाच नसतो.