रेडिएटरचा पंखा, डॅशबोर्डवरचा स्विच आणि मधला रिले

एप्रिल-मे महिन्यांत कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना जुन्या गाडीच्या तापमानाचा काटा एकदा लाल पट्टीकडे सरकला, की गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो : ‘फॅन डायरेक्ट करून देतो.’ म्हणजे पंख्याची वायर थर्मोस्विचमधून (तापमानानुसार आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) न नेता थेट इग्निशनला जोडायची आणि गाडी चालू असेपर्यंत पंखा फिरत ठेवायचा. त्यापेक्षा डॅशबोर्डवर स्वतंत्र स्विच बसवून हवा तेव्हा पंखा लावणे केव्हाही चांगले. मात्र हा स्विच नेमका कुठे जोडायचा, यावर तो इंजिन वाचवणार की वायरिंग जाळणार हे ठरते.

मुळात गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वर धावत असली, तर समोरून येणारा वाराच रेडिएटरला बहुधा पुरतो. पंख्याची खरी गरज ट्रॅफिकमध्ये आणि घाटात लागते, कारण तिथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, इंजिनावर भार पुरेपूर असतो आणि वारा मात्र जवळपास नसतो. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, मार्गात बसवलेला थर्मोस्विच साधारणपणे ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आपले टोक अर्थला (बॅटरीच्या ऋण बाजूशी जोडलेल्या गाडीच्या सांगाड्याला) जोडतो आणि पंखा सुरू होतो. हा स्विच बिघडला किंवा त्याची वायर तुटली, तर पंखा गप्प राहतो, आणि चालकाच्या ते लक्षात येईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधली सीलची पट्टी) उडालेले असते.

म्हणून आपला स्विच थर्मोस्विचला समांतर जोडावा, एकसरीत कधीही जोडू नये. समांतर जोडणीत दोघांपैकी कोणीही एकाने ‘चालू’ म्हटले की पंखा फिरतो, आणि आपला स्विच बंद असला तरी थर्मोस्विचचे काम अडत नाही. एकसरीत जोडला, तर चालक स्विच लावायला विसरला एवढ्यानेही इंजिन उकळेल. थोडक्यात, या स्विचला पंखा लावण्याचा अधिकार द्यावा, थांबवण्याचा देऊ नये.

आता मुख्य प्रश्न असा, की हा स्विच पंख्याच्या जाड वायरमध्येच का घालू नये? याचे उत्तर मोटरच्या स्वभावात आहे, आणि माझ्या मते विजेच्या अभ्यासातील अत्यंत सुंदर गोष्टींपैकी ती एक आहे. समजा, १२ व्होल्टवर चालणारा पंखा फिरताना १० अँपिअर विद्युतधारा घेतो आणि त्याच्या गुंडाळ्यांचा रोध ०.२५ ओहम आहे. ओहमच्या नियमाने १२ भागिले ०.२५ म्हणजे ४८ अँपिअर धारा वाहायला हवी. मग प्रत्यक्षात १०च का वाहते? कारण चुंबकीय क्षेत्रात फिरणारी गुंडाळी ही स्वतःच एक जनित्र असते. ती जसजशी वेग घेते, तसतसे तिच्यात बॅटरीच्या विरुद्ध दिशेचे विभवांतर निर्माण होते. पूर्ण वेगात ते ९.५ व्होल्टपर्यंत पोहोचते, गुंडाळीच्या वाट्याला उरलेले २.५ व्होल्टच येतात आणि २.५ भागिले ०.२५ केले की बरोबर १० अँपिअर मिळतात. परंतु स्विच दाबला त्या क्षणी पंखा स्थिर असतो, विरोधी विभवांतर शून्य असते आणि पूर्ण ४८ अँपिअरचा लोट स्विचच्या इवल्याशा संपर्कबिंदूंवर येऊन पडतो. पात्यांत चिंधी अडकून पंखा जाम झाला, तर हा लोट ओसरतच नाही.

शाळेत शिकलेला जूलचा नियम इथे लावून पाहावा. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घासलेल्या संपर्कबिंदूचा रोध ०.०५ ओहम धरला, तर १० अँपिअरला तिथे सतत ५ वॉट उष्णता निर्माण होते, आणि बोटाच्या पेराएवढ्या स्विचमध्ये ती कोंडली की प्लॅस्टिक मऊ पडू लागते. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच : त्याच्या गुंडाळीतून थोडी धारा गेली, की त्याचे जाड संपर्क जुळतात आणि पंख्याची मोठी धारा त्यांतून वाहते. तो वापरला, तर आपल्या स्विचमधून केवळ रिलेच्या गुंडाळीची धारा जाते. गुंडाळीचा रोध ८० ओहम असेल तर ती ०.१५ अँपिअर भरते. त्याच संपर्कबिंदूवरची उष्णता त्यामुळे सुमारे ४,४०० पटींनी घटते.

रिलेच्या तळाशी आकडे छापलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीची धन वायर जोडावी आणि तिच्यात बॅटरीजवळच फ्यूज घालावा. ८७ पंख्याला, ८६ इग्निशनला आणि ८५ थर्मोस्विचमार्गे अर्थला. आपला स्विच थर्मोस्विचला समांतर, ८५ आणि अर्थ यांच्यामध्ये येतो. ८६ ला वीज इग्निशनकडूनच घ्यावी, कारण स्विच चालू राहिला तर १० अँपिअरचा पंखा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन तासांत रिकामी करू शकतो. रिलेची धारा तुटताना गुंडाळीतील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि क्षणभर शंभराहून अधिक व्होल्टचा झटका उठू शकतो. तो जिरवण्यासाठी गुंडाळीला समांतर डायोड (धारा एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा, आणि त्याची पट्टी असलेले टोक धन बाजूला, म्हणजे ८६ कडे, ठेवावे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर सोडवावी.

‘थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका, गाडी थंड राहील’ ही समजूत मात्र गॅरेजमधली शुद्ध अंधश्रद्धा आहे. ८०-८५ अंशांच्या आसपास उघडणारा हा मेणाचा व्हॉल्व्ह इंजिनाला कामाचे तापमान गाठू देतो. तो जागेवर असताना डायरेक्ट केलेला पंखा थंड इंजिनाचे फारसे बिघडवत नाही, कारण गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जातच नाही. व्हॉल्व्ह काढला आणि पंखाही सतत फिरत ठेवला, की इंजिन अर्धवट गरम राहते, पेट्रोल जास्त जळते आणि ऑइल दाट राहते. शिवाय काही इंजिनांत व्हॉल्व्ह नसल्यास कूलंट रेडिएटर टाळून बगलमार्गानेच फिरते आणि गाडी उलट अधिक तापते.

नव्या गाड्यांत पंख्याचा निर्णय संगणक घेतो, काहींत तर पंख्याचा वेगही तोच कमी-जास्त करतो. तिथे ही जोडणी करू नये. अशा बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा आपोआप सुरू होतो. काटा चढत असताना पंखा फिरत नसेल, तर गाडी बाजूला घेऊन क्षणभर एसी लावून पाहावा. पंखा फिरला तर मोटर शाबूत आहे आणि दोष बहुधा तापमान मोजणाऱ्या बाजूला आहे. एसीने रेडिएटरसमोर आणखी उष्णता सोडली जाते, त्यामुळे तो लावूनच पुढचा घाट चढू नये. त्याऐवजी काचा उघडून हीटर पूर्ण लावावा, कारण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो.