बीड, शिसे, सिमेंट, प्लॅस्टिक : पाणीपुरवठ्याचे पाइप कसे बदलत गेले

नव्या जलवाहिनीसाठी पाइप निवडताना चर्चा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते: मीटरमागे दर काय आणि दाबाचा वर्ग कोणता. जमिनीखाली गाडलेल्या पाइपांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. कारखान्यातल्या दाबचाचणीत पास झालेले पाइपच पुढे फसले, आणि फसले ते सांध्यात, मातीत किंवा आतल्या पाण्याच्या गुणधर्मांमुळे. प्रत्येक नवे साहित्य आधीच्याचा दोष काढायला आले आणि येताना स्वतःचा एक घेऊन आले.

शिशापासून सुरुवात करू. रोमन कारागीर शिशाचा पत्रा वळवून नळ करत. शिसे शरीराला घातक, भाजलेल्या मातीचे नळ बरे, असे व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने तेव्हाच लिहून ठेवले होते. तरी शिसे टिकले, कारण ते हाताने वाकते, करवतीने कापता येते आणि सांधा जागेवरच होतो. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतच्या जोडणीत तर ते 20व्या शतकातही बसवले जात होते. पाणी जड असेल तर शिशावर क्षारांचा थर बसतो आणि विरघळणे मंदावते. मृदू, आम्लधर्मी पाणी तो थर धरू देत नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 साली पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक फॉस्फेट सोडलेच नाही, तेव्हा जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. पाइप तेच होते, पाणी बदलले होते.

लाकडी नळांचा काळ थोडक्यात आटोपतो. लंडनमध्ये एल्म झाडाचे ओंडके मधून कोरून, एकाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या तोंडात ठोकून वाहिन्या होत. दाब वाढला की सांधे सुटत. वाफेचे पंप आल्यावर लाकडाला जागा उरली नाही.

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाइप त्याआधीपासून होते. व्हर्सायच्या कारंज्यांसाठी 1664 ते 1668 या काळात बिडाची वाहिनी टाकली गेली, आणि तिच्यातून 300 वर्षांहून अधिक काळ पाणी वाहिले. तिचे पाइप जेमतेम मीटरभर लांबीचे, टोकाला फ्लँज (बाहेर आलेली सपाट कडा) आणि बोल्ट. फ्लँजचा सांधा मात्र ताठ असतो. जमीन जरा खचली किंवा थंडीने पाइप आखडला की ताण थेट बिडावर येतो, आणि बीड वाकत नाही, तडकते. यावर खरा तोडगा 1785 साली लंडनच्या चेल्सी वॉटर कंपनीत थॉमस सिम्पसनने काढला: सॉकेट आणि स्पिगॉट. एका पाइपचे साधे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात सरकवायचे, मधल्या फटीत तागाचा दोर ठोकून बसवायचा, तोंडाभोवती मातीची कड करायची आणि वितळलेले शिसे एकाच ओतीत भरायचे. थंड होताना शिसे आकसते, म्हणून ते पुन्हा छिन्नी-हातोड्याने ठोकून घट्ट करावे लागते. सांध्यात ओल राहिली तर वाफ होऊन तापलेले शिसे अंगावर उडते. म्हणून चरातले पाणी उपसल्याशिवाय ओत घ्यायची नाही, हा जुना नियम. हा सांधा थोडासा हलू देतो, आणि शहरभर जाळे पसरता आले ते त्यामुळेच.

पुढची गंमत जाडीची आहे. सुरुवातीचे पाइप वाळूच्या साच्यात ओतत. जाडी कुठे कमी, कुठे जास्त, म्हणून सगळाच पाइप दणकट करावा लागे. 1920च्या दशकात द लावो या अभियंत्याची फिरत्या साच्यातली ओतपद्धत रूढ झाली. जाडी एकसारखी आली, बीड घट्ट झाले, त्यामुळे भिंत पातळ करता आली. गंजाचा वेग मात्र तोच राहिला. अमेरिकेतल्या अनुभवावरून 19व्या शतकाच्या अखेरचे पाइप सरासरी 120 वर्षे, 1920च्या दशकातले 100 आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचे सुमारे 75 वर्षे टिकतील असा अंदाज तिथल्या वॉटर वर्क्स असोसिएशनने 2001 मध्ये मांडला. फिरता साचा रूढ झाला त्याच सुमारास काही ठिकाणी महाग शिशाऐवजी गंधकाधारित मिश्रण सांध्यात भरू लागले. बिडापेक्षा ते वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावते, त्यामुळे सॉकेट उभे चिरते. सांध्यावर वाचवलेले पैसे पुढे दुरुस्तीत गेले.

बिडाचा गंज फसवा असतो. लोखंड विरघळून जाते आणि ग्राफाइटचा सांगाडा तसाच राहतो. बाहेरून पाइप अखंड, गोलाई शाबूत. चाकूचे टोक दाबले तर पेन्सिलीच्या शिशात शिरावे तसे आत जाते. असा पाइप नेहमीचा दाब वर्षानुवर्षे धरतो आणि वरून जड वाहन गेले किंवा पंप अचानक थांबला की फुटतो. फुटण्याचे खापर मग त्या दिवशीच्या पंपावर फुटते.

वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातले की ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांऐवजी गोळ्या बनतात आणि धातू तडकण्याऐवजी वाकतो. हा शोध 1948 मध्ये जाहीर झाला. त्याचे पाइप, म्हणजे आजचे डी.आय. (डक्टाइल आयर्न, न तडकता वाकणारे बीड), 1955च्या सुमारास आले. ताकद वाढली तशी भिंत आणखी पातळ झाली, म्हणून संरक्षण बाहेरून द्यावे लागले. आतून सिमेंटचे अस्तर 1922 पासून वापरात होतेच. बाहेरून पॉलिथिनची सैल बाही 1958 पासून चढवू लागले. मातीचा विद्युतरोध 1,500 ओम-सेंटिमीटरखाली असेल, म्हणजे माती गंज वाढवणारी असेल, तर बाहीशिवाय डी.आय. टाकणे म्हणजे वीसेक वर्षांनी खणायची तयारी ठेवणे. बाही फाटली तर चिकटपट्टी लावूनच चर बुजवावा. मृदू पाणी सिमेंटच्या अस्तरातला चुना ओढते आणि वाहिनीच्या टोकाला पाण्याचा सामू (pH) चढतो, हेही ध्यानात ठेवावे.

ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप याच गंजाला उत्तर म्हणून इटलीत 20व्या शतकाच्या सुरुवातीला निघाले. हलके, गंजमुक्त, स्वस्त. मृदू पाण्याने त्यांचाही चुना धुऊन भिंत आतून मऊ होते. मोठा धोका कापताना: कोरड्या कटरने उडालेली धूळ फुप्फुसात जाते. जुनी वाहिनी दुरुस्त करायची झाली तर पाणी सोडत, हातकरवतीने कापावे. फिरत्या चकतीला हातही लावू नये.

पीव्हीसीचे पाइप जर्मनीत 1930च्या दशकात आले. गंजाचा प्रश्न संपला आणि चर भरण्याचा सुरू झाला. तळाशी एक टोकदार दगड राहिला तर तिथेच वर्षानुवर्षे ताण साचून चीर पडते, म्हणून खाली आणि भोवती 10 ते 15 सेंटीमीटर चाळलेली वाळू किंवा मुरूम हवाच. रबर रिंगच्या सांध्यात टोक खुणेपर्यंतच सरकवायचे. खूण गिळून आत ठोकले की सॉकेटच्या तळाशी ताण येतो; ती चीर लगेच दिसत नाही.

पॉलिथिनने सांधाच काढून टाकला, असे म्हणतात. ते अर्धेच खरे. दोन टोके 200 ते 230 अंशांच्या तव्यावर वितळवून जोडली तर अखंड वाहिनी होते. पण टोकाला धूळ किंवा बोटाचे तेल लागले, किंवा दाब धरून ठेवायचा वेळ घाईत कापला, तर बाहेरची कड सुबक दिसूनही आतला सांधा कच्चा राहतो. तापमान हा त्याचा दुसरा कमकुवत भाग. पीई 100 (पॉलिथिनची प्रत), एसडीआर 11 (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या 11 पट) पाइपावर 16 बार दाब छापलेला असतो ते 20 अंशांसाठी. 30 अंशांना त्याला 0.87 ने आणि 40 अंशांना 0.74 ने गुणायचे, म्हणजे उरतात जेमतेम 14 आणि 12 बार. शिवाय 100 मीटरची वाहिनी 10 अंशांच्या फरकाने 15 ते 20 सेंटीमीटर आखडते. भर दुपारी टाकून लगेच व्हॉल्व्हला जोडली की रात्री ती फिटिंगमधून सुटू पाहते. थंड वेळी शेवटचा सांधा करावा.

पाण्याच्या तडाख्यात मात्र पॉलिथिन वरचढ. सेकंदाला 1 मीटर वेगाचे पाणी एकदम अडवले तर लोखंडी वाहिनीत सुमारे 10 ते 12 बारचा झटका बसतो, पॉलिथिनमध्ये 2 ते 3 बारचा. उलट बाजूला, पेट्रोल झिरपलेल्या जमिनीत त्याची भिंत बेंझीन आरपार जाऊ देते आणि बाहेरून गळती दिसत नाही. जुन्या पेट्रोल पंपाच्या किंवा गॅरेजच्या जागेतून वाहिनी जात असेल तर तेवढा पट्टा डी.आय. घ्यावा. तिथेही नेहमीची एसबीआर या कृत्रिम रबराची रिंग चालत नाही, तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची लागते. दोन्ही रिंगा काळ्याच असतात, तेव्हा चरात उतरवण्यापूर्वी प्रत्येकीवरचे छापील चिन्ह वाचावे.