झुलत्या पुलाची केबल ‘सैल’ का ठेवतात?

सातारा जिल्ह्यात, विशेषतः पाटण-जावळीच्या डोंगराळ भागात, पायी जाण्याच्या झुलत्या पुलाचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो : केबलला झोळ असला तर काम कच्चे, ती आवळून सरळ ताणली की पूल पक्का. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय धोक्याचाही आहे.

कपडे वाळत घालायच्या दोरीवर ओले घोंगडे टाकून पाहावे. दोरीला झोळ असेल तर खुंट्या जागच्या हलत नाहीत. तीच दोरी ताठ बांधली की त्याच घोंगड्याने खुंटी भिंतीतून उपटून येते. भार उभा असतो आणि तो उचलण्यासाठी केबलला तिरके व्हावेच लागते. तिरकेपणा जितका कमी, तितका ताण अधिक. 100 मीटरच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 10 मीटर झोळ दिला, तर सारख्या पसरलेल्या भाराखाली केबलमधील आडवा ताण एकूण भाराच्या सव्वापट असतो. झोळ 5 मीटरवर आणला की तो अडीचपट होतो, आणि तो सगळा दोन्ही तीरांवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना पेलावा लागतो.

केबल आवळल्याने डोलणे थांबतेच, असेही नाही. लंडनच्या मिलेनियम पुलाच्या 144 मीटरच्या मुख्य गाळ्यात केबलचा झोळ जेमतेम 2.3 मीटर आहे. तरीही जून 2000 मध्ये खुला होताच तो माणसांच्या पावलांनी आडवा डोलू लागला. उपाय झाला तो हेलकावे शोषणारे डँपर बसवून.